हायवेवरच्या पंपावर थांबताय? पेट्रोलखेरीज काय मागून घ्यायचं आणि काय तपासायचं

हायवेच्या पंपावर आपला थांबा बहुतेक वेळा चार-पाच मिनिटांचा असतो. काच खाली, 'दोन हजारचं टाका', स्कॅनरसमोर फोन, पैसे मिळाल्याचा आवाज आला की गाडी पहिल्या गिअरमध्ये. त्याच आवारात एक फलक असतो आणि तो फारसं कुणी वाचत नाही. मोफत हवा, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी, तक्रार वही, इंधन तपासायला फिल्टर पेपर आणि पाच लिटरचं माप, असं बरंच काही त्यावर असतं. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांच्या पंपांना मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्स नावाची नियमावली लागू आहे आणि या सोयी तिच्यात आहेत. म्हणजे हे पंपमालकाचे उपकार नव्हेत. पण मागितल्याशिवाय यातलं फारसं काही पुढे येत नाही, हेही खरं. म्हणून घरून निघण्यापासून तक्रारीपर्यंत कुठे काय करायचं ते क्रमाने लिहितो.

१. कुठे थांबायचं ते घरीच ठरवा

राखीवचा दिवा लागल्यावर पंप शोधणं शहरात खपून जातं. द्रुतगती मार्गावर ते अंगाशी येतं. तिथे पलीकडच्या बाजूचा पंप डोळ्यांना दिसला तरी आपल्या कामाचा नसतो. दुभाजकाला फट नसते, आणि उतरून वळून यायचं तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावं लागतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साधारण ९५ किलोमीटरचा, म्हणून तिथे निभावतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा वाटेत सोयींची बोंब होती. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता पंप आहेत, पण हव्या त्या क्षणी समोर येतील इतके नाहीत. शिवाय १२०च्या वेगाने गाडी जे मायलेज देते ते ८०च्या वेगापेक्षा बरंच कमी असतं. रोजच्या सरासरीवर हिशेब मांडला तर चुकतो. तेव्हा समृद्धीवर चढण्याआधी टाकी भरून घ्यायची आणि पाव टाकी उरली की जो पहिला पंप येईल तिथे वळायचं.

राज्याची हद्द ओलांडणार असाल तर दराचाही विचार करा. गोवा आणि गुजरातमध्ये पेट्रोल आजवर महाराष्ट्रापेक्षा स्वस्त राहिलं आहे. तिथला मूल्यवर्धित कर कमी, हे त्याचं कारण. तळकोकणातले लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. गोव्याला जाताना सावंतवाडी-बांद्यापुरतं टाकायचं, पत्रादेवीच्या पुढे गेल्यावर टाकी फुल्ल करायची आणि परतताना पेडण्यात पुन्हा भरून घ्यायची. अहमदाबादहून मुंबईला येणारे तलासरीच्या अलीकडेच, गुजरातेत, टाकी भरतात. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज सकाळी ६ वाजता ठरतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तेल कंपनीच्या अ‍ॅपवर दोन्हीकडचा दर बघून घेतला की झालं. मात्र चार रुपये वाचवायला घाटात टाकी कोरडी पडू देऊ नका.

पंप निवडायचा कसा? ट्रकवाल्यांची रांग बघायची, हा जुना निकष मला अजूनही पटतो. रोज दीड-दोनशे लिटर डिझेल घेणारा माणूस माप मारणाऱ्या पंपावर दुसऱ्यांदा जात नाही. दुसरी खूण म्हणजे मोठ्या आवाराचे महामार्ग पंप. इंडियन ऑइलचे 'स्वागत' आणि भारत पेट्रोलियमचे 'घर' या नावाचे पंप मुळात लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी आखलेले आहेत. तिथे पार्किंग ऐसपैस असतं, खायला मिळतं, स्वच्छतागृह बरं असतं. गावाकडच्या रस्त्यावर 'किसान सेवा केंद्र' अशी पाटी दिसली तर तो इंडियन ऑइलचाच छोटा पंप असतो. पेट्रोल-डिझेल मिळेल, बाकी अपेक्षा माफक ठेवा. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला सगळ्या सोयी एका आवारात असलेले थांबे उभारायचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं धोरण आहे. काम सगळीकडे सारखं झालेलं नाही. 'राजमार्गयात्रा' हे प्राधिकरणाचं अ‍ॅप फोनमध्ये ठेवलं तर वाटेतल्या सोयी आधी बघता येतात आणि तक्रारही तिथेच करता येते.

२. आत शिरताना

आवारात टँकर रिकामा होताना दिसला तर शक्य असेल तेव्हा पुढचा पंप गाठा. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरं आणि त्या वेळी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो. इंजिन बंद, सिगारेट नाही, फोन खिशात. दुचाकीवर असाल तर दोघांनीही खाली उतरायचं. टाकी मांडीमध्ये धरून बसल्या बसल्या पेट्रोल घेण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. भडका उडाला तर पळायला जागा राहत नाही.

प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागू नका. दिलं जात नाही, आणि द्यायचंही नसतं. पेट्रोल संपून गाडी मागे कुठे उभी असेल तर विमा किंवा गाडीच्या कंपनीची रोडसाइड मदत सेवा मागवा. ती बऱ्याच जणांच्या पॉलिसीत असते आणि त्यांना माहीत नसते.

३. पेट्रोल घेताना गाडीत बसून राहू नका

सगळ्या भानगडी इथेच होतात, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळू.

खाली उतरा आणि मशिनसमोर उभे राहा. आधी इंधनाचं नाव मोठ्याने सांगा: 'साधं पेट्रोल' किंवा 'डिझेल'. 'साधं' हा शब्द गाळला तर प्रीमियम पेट्रोलचं नोझल टाकीत गेलेलं असतं आणि लिटरमागे जादा पैसे लागल्याचं बिल आल्यावर कळतं. जास्त ऑक्टेनचं इंधन ज्या इंजिनाला लागतं त्याच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. बाकीच्या गाड्यांना त्याने काही विशेष होत नाही.

मग झिरो बघा. पोऱ्या स्वतःच 'झिरो बघा साहेब' म्हणतो, पण तेवढ्यात दुसरा येऊन 'कार्ड की कॅश?' विचारतो, तिसरा काच पुसू लागतो. काच पुसून झाल्यावर त्याला धन्यवाद द्या, तोवर नजर मशिनवर. तिथे तीन आकडे असतात: लिटरचा दर, लिटर आणि रक्कम. दर फलकावरच्या दराशी जुळतो का ते पाहा. बाकीचे दोन शून्यावरून सुरू व्हायला हवेत आणि सलग चढायला हवेत. सुरुवातीलाच आकडा एकदम उडी मारून आठ-दहा रुपयांवर गेला तर तिथेच थांबवायला सांगा.

सगळ्यात चलतीची युक्ती साधी आहे. तुम्ही पाचशेचं सांगता, तो दोनशेवर थांबतो. तुम्ही ओरडता. 'सॉरी साहेब, दोनशे ऐकलं, वरचे तीनशे टाकतो' म्हणून तो मशिन शून्यावर न आणता तिथूनच पुढे चालू करतो आणि ३००वर थांबतो. तुमच्या डोक्यात दोनशे अधिक तीनशे, टाकीत मात्र तीनशेचंच. उपाय एकच. मध्ये थांबलं तर दोनशेचं बिल वेगळं घ्यायचं आणि पुढचं शून्यापासून सुरू करायला लावायचं.

मशिनमध्येच फेरफार असेल तर नजर कितीही तीक्ष्ण असून उपयोग नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणच्या पंपांवर छापे घातले तेव्हा मशिनमध्ये बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या होत्या. आकडे बिनचूक चढत होते, पेट्रोल कमी पडत होतं. अशा चोरीला मापाची चाचणी हाच उतारा. ती पुढच्या पायरीत येते.

टाकी फुल्ल करत असाल तर नोझल 'कट्' करून थांबलं की थांबा. 'राउंड फिगर करू का?' याला 'नको' म्हणा. टाकीत वरची थोडी जागा वाफेसाठी सोडलेली असते. त्यापुढे भरलेलं पेट्रोल वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरू शकतं आणि तो डबा बदलायला लागला तर खर्च बराच येतो. उन्हाळ्यात काठोकाठ भरलेली टाकी उन्हात उभी करणं तर आणखी वाईट.

आता काही समज. पहाटे थंडीत पेट्रोल जास्त मिळतं, असं म्हणतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही, त्यामुळे फरक नगण्य. १०० ऐवजी ११० रुपयांचं घेतलं की फसवता येत नाही, असंही म्हणतात. मशिन फिरवलेलं असेल तर ते ११०लाही कमीच देतं. '३७ लिटरच्या टाकीत ४१ लिटर घातलं' हा वाद पंपावर नेहमी होतो. कंपनी पुस्तिकेत जी क्षमता छापते ती टाकीच्या प्रत्यक्ष आकारमानापेक्षा कमी असते, कारण मानेचा भाग आणि वाफेची जागा त्यात धरत नाहीत. तेव्हा तीन-चार लिटर जादा बसलं म्हणून लगेच चोर ठरवू नका. शंका असेलच तर भांडत बसण्यापेक्षा माप मागा.

४. माप आणि प्रत: तपासणी स्वतः करून घ्या

पाच लिटरचं माप म्हणजे धातूचं, निमुळत्या मानेचं भांडं. त्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. लोक याच विभागाला अजून वजन-मापेवाले म्हणतात. आधी शिक्का आणि त्यावरचं वर्ष पाहा. मग भांडं एकदा पेट्रोलने ओलं करून रिकामं करायला सांगा. कोरड्या भांड्याच्या बाजूंना थोडं इंधन चिकटून राहतं आणि पहिलं माप उगाच कमी दिसतं. भांडं सपाट जमिनीवर ठेवायचं, मशिन शून्यावर आणायचं, पाच लिटर सोडायचे आणि फेस बसेपर्यंत थांबायचं. फेस असताना वाचलेलं माप खोटं असतं, आणि घाई नेमकी इथेच केली जाते. मानेवरच्या रेषेशी डोळा समपातळीत आणून पाहा. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर इकडेतिकडे कायद्याने चालतं. त्याहून कमी भरलं तर त्या नोझलची विक्री थांबवायला हवी. पेट्रोल पुन्हा पंपाच्या टाकीत ओतलं जातं. तपासणीचे पैसे लागत नाहीत.

हे करायला दहा मिनिटं लागतात, मागे रांग असेल तर हॉर्न वाजतील. दर वेळी करायची गरज नाही. ज्या पंपावर नेहमी जाता तिथे कधीतरी, गर्दी नसताना करा. मॅनेजरला आधी शांतपणे सांगा. चांगला पंपवाला स्वतः उभा राहून करून दाखवतो. टाळाटाळ करणारा टाळाटाळीतच उत्तर देऊन जातो.

फिल्टर पेपरची चाचणी दोन मिनिटांची. नोझलचं तोंड आधी स्वच्छ पुसून घ्यायचं, नाहीतर त्यावरची धूळ आणि ऑइलच कागदावर उतरतं. कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाका. साधारण दोन मिनिटांत तो उडून जायला हवा. मागे फिकट गुलाबीसर छटा राहिली तर ती पेट्रोलमधल्या रंगाची, काळजी नाही. तेलकट, गडद डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. या चाचणीत केरोसीनसारखं जड काही असेल तर कळतं. पेट्रोलसारखंच झटकन उडणारं द्रावक मिसळलेलं असेल तर कागद काहीही बोलत नाही.

त्यासाठी घनता. पंपावर रोज सकाळी टाकीतल्या इंधनाची घनता मोजून लिहायची असते आणि ती ग्राहकाला बघता यायला हवी. पुष्कळ बिलांवरही ती छापलेली येते. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर या पट्ट्यात असावी लागते. पट्टा रुंद आहे, म्हणून नुसता पट्ट्यात असलेला आकडा पुरेसा नाही. टँकरसोबत आलेल्या कागदावरच्या घनतेशी तो जुळला पाहिजे, आणि त्यात ३ पेक्षा जास्त फरक चालत नाही. खात्री करायची तर पंपावर काचेचं नळकांडं, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तापमानानुसार आकडा बदलून देणारा तक्ता असतो. मॅनेजरकडून करून घ्या.

पावसाळ्यात एक गोष्ट आणखी विचारा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल त्यासोबत खाली बसतं, आणि मग मशिनमधून तेच गाडीत येतं. पेट्रोल भरल्यावर पाच-सात किलोमीटरमध्ये गाडी झटके देऊ लागली, बंद पडली, तर आधी हाच संशय घ्या. अतिवृष्टीनंतर आवारात पाणी साचलेलं दिसलं तर टाकीत पाणी आहे का, हे दाखवायला सांगता येतं. मोजपट्टीला एक लेप लावून ती टाकीत सोडतात. पाणी असेल तिथवर लेपाचा रंग बदलतो.

५. हवा

पंपावरची मोफत हवा ही माझ्या मते तिथली सगळ्यात मोलाची सोय आहे आणि तिचा सगळ्यात कमी विचार होतो. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. सिमेंटचा रस्ता, विदर्भातलं ऊन, तासन्‌तास एकच वेग आणि त्यात कमी हवेचं जुनं टायर. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दुमडतात, त्याने ते आतून तापतं आणि शेवटी फाटतं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा सल्ला म्हणूनच घातक आहे.

किती हवा भरायची ते पोऱ्याला विचारू नका. तो सगळ्यांना एकच आकडा सांगतो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या गाडीसाठी एक आणि पाच माणसं व सामान असताना दुसरा आकडा असतो. गणपतीला सहकुटुंब निघाला असाल तर दुसरा आकडा तुमचा. हवा टायर थंड असताना तपासायची, म्हणजे घरून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरमधल्या पंपावर. शंभर किलोमीटर पळून आलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने चढलेला दिसतो. तो बघून हवा काढू नका. थंड झाल्यावर टायर कमी हवेचं होईल.

स्वयंचलित मशिनवर आधी आकडा लावायचा, मग नळी. आवाज आला की झालं. नळी काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने थुंकी किंवा पाण्याचा थेंब लावा आणि क्षणभर बघा. बुडबुडा फुगला तर व्हॉल्व्ह गळतोय. जुने टायरवाले हे न सांगता करायचे. मग टोपी घट्ट लावा.

आणि स्टेपनी! ती डिकीत सामानाखाली असते म्हणून कुणी काढत नाही, आणि लागते तेव्हा तिच्यात हवा नसते. तुमच्या गाडीची स्टेपनी बाकीच्यांपेक्षा बारीक असेल तर तिला लागणारा दाबही वेगळा, बहुतेकदा ६० पीएसआय, आणि ती लावून ८०च्या पुढे जायचं नाही.

टायर किती जुनं आहे ते बाजूवरच्या चार आकडी खुणेवरून कळतं. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नायट्रोजन पैसे देऊन भरायचा की नाही? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. आवडत असेल तर भरा, पण वाटेत नायट्रोजन मिळाला नाही म्हणून कमी दाबावर गाडी पळवू नका. दोन्ही मिसळल्याने काही बिघडत नाही.

पंक्चर निघालं तर टायरवाल्याच्या शेजारी उभे राहा. टायर पाण्यात बुडवून बुडबुडे आपल्या डोळ्यांनी मोजा. 'चार पंक्चर आहेत' असं आतून येऊन सांगणाऱ्याचं ऐकून घेऊ नका.

६. बॉनेट उघडायचं का?

पंपावर कुणीतरी 'ऑइल चेक करू?' विचारतोच. गाडी नुकतीच थांबलेली असते, ऑइल वर चढलेलं असतं, पट्टी अर्धवट आत घातली की पातळी कमी दिसते आणि लगेच लिटरचा डबा पुढे येतो. ऑइल बघायचंच तर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी, पट्टी पुसून पूर्ण आत घालून, स्वतः. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, दुसऱ्यालाही उघडू देऊ नका. कसारा किंवा खंबाटकी चढून आल्यावर तर मुळीच नाही. वायपरच्या टाकीत पाणी मात्र जरूर भरून घ्या.

नव्या डिझेल गाड्यांच्या, म्हणजे बीएस-६च्या, बऱ्याच मॉडेलना डीईएफ, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रव, लागतं. ट्रकवाले त्याला सरळ 'युरिया' म्हणतात, आणि ते आहेच पाण्यात मिसळलेलं ३२.५ टक्के युरिया. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. ते संपत आलं की गाडी किलोमीटर मोजून इशारा देते, आणि पूर्ण संपल्यावर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. मोठ्या महामार्ग पंपांवर डबे किंवा मशिन असतं. डिझेलच्या टाकीत ते चुकूनही जाऊ देऊ नका.

आणि उलटसुलट इंधन पडलंच, डिझेल गाडीत पेट्रोल किंवा पेट्रोल गाडीत डिझेल, तर चावी फिरवू नका. स्टार्ट केल्याशिवाय ते टाकीपुरतं राहतं. ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. 'थोडंच पडलंय, वरून बरोबरचं भरून टाकू' असं सांगणाऱ्याला त्या गाडीच्या इंजेक्टरची किंमत भरायची नसते.

७. पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार

स्वच्छतागृहाला कुलूप दिसलं तर परत फिरू नका. चावी बहुतेकदा कॅशिअरच्या टेबलावर असते. घाण होते म्हणून कुलूप लावतो, असं पंपवाले सांगतात आणि त्यात तथ्य आहे, पण बायकांनी रात्री चावी मागत फिरायचं का, हा प्रश्न उरतोच. स्त्रिया सोबत असतील तर आडवळणाचा पंप टाळून उजेड असलेला मोठा पंप, फूड मॉल किंवा टोलनाक्याचं स्वच्छतागृह गाठा. लहान बाळ असेल तर 'हमसफर' धोरणाखाली आलेल्या थांब्यांवर बाळाला पाजायची खोली शोधा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने हे धोरण आणलं.

प्रथमोपचार पेटी मागितल्यावर द्यावी लागते. कापलं-खरचटलं तर तिथेच स्वच्छ करून घ्या. मोठी जखम असेल तर १०८, आणि पोलीस हवे असतील तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा रस्त्यात अडथळा आहे, तर १०३३.

बऱ्याच पंपांवर पीयूसी केंद्रही असतं. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं. मुदत संपत आली असेल तर चहा होईपर्यंत हेही उरकतं.

गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर शासनाची सुविधा केंद्रं उभी राहतात. तिथे डॉक्टर, मेकॅनिक, चहापाणी असतं. त्या आठवड्यात पंपांवर तुडुंब रांगा असतात, म्हणून टाकी मुंबईतच भरा आणि थांबायचं ते या केंद्रांवर.

८. सीएनजी आणि ईव्हीवाल्यांसाठी

सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, झोपलेल्या मुलांनीही. सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट लागते. तिची प्लेट भरायच्या तोंडाजवळ असते आणि मुदत संपलेली असेल तर पंप गॅस नाकारू शकतो. मुंबई-पुण्यात स्टेशनं भरपूर. कोकणात शिरल्यावर विरळ होतात आणि दुपारी दाब कमी असला की सिलिंडर अर्धवट भरतो. पेट्रोलची टाकी किमान अर्धी ठेवूनच निघा.

ईव्हीचं गणित वेगळं. अ‍ॅपवर चार्जर 'उपलब्ध' दिसला तरी तो चालू असेलच असं नाही. त्या जागेचे ताजे अभिप्राय वाचा आणि जवळचा दुसरा चार्जर हेरून ठेवा. ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, म्हणून रांग असताना शंभर टक्क्यांचा हट्ट धरू नका. घाट चढताना टक्के भराभरा उतरतात. खोपोलीत २५ टक्के दिसले म्हणजे लोणावळ्यातही तेवढेच असतील असं धरून चालू नका. वेगवेगळ्या कंपन्यांची अ‍ॅप घरीच टाकून, त्यांच्या पाकिटात पैसे भरून ठेवा. घाटात नेटवर्क गेल्यावर ओटीपी येत नाही.

९. खाणं आणि पाण्याची बाटली

फूड मॉलमध्ये दुकानाच्या काउंटरवर पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्तीला विकता येत नाही. एकाच मालावर दोन ठिकाणी दोन एमआरपी छापायलाही २०१८ पासून बंदी आहे. मात्र हॉटेलात टेबलावर बसून बाटली मागवली तर गोष्ट वेगळी. तिथे हॉटेलवाल्याला जादा आकारता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. म्हणून बाटली काउंटरवरूनच घ्या. किंवा घरून निघताना कॅन भरून घ्या. पंपावर पिण्याचं पाणी फुकट असतं, पण कूलरची अवस्था बघून काय ते ठरवा.

१०. बिनसलं तर

बिल नेहमी घ्या. त्यावर पंपाचं नाव, वेळ, नोझल क्रमांक, दर आणि लिटर असतात आणि पुढची सगळी भिस्त त्यावरच. यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे, त्यात लिटर नसतात.

तक्रार कुठे करायची ते तक्रारीवर अवलंबून. माप कमी असेल तर वैधमापन शास्त्र विभाग. भेसळ, पाणी, बंद स्वच्छतागृह, हवेचं बंद मशिन, तक्रार वही न देणं, हे तेल कंपनीकडे. त्या भागाच्या विक्री अधिकाऱ्याचा फोन पंपावरच्या फलकावर लिहिलेला असावा लागतो. बोर्डाचा फोटो काढून ठेवा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पाण्यामुळे गाडी बंद पडली असेल तर टाकी रिकामी करताना काढलेलं इंधन स्वच्छ बाटलीत ठेवायला मेकॅनिकला सांगा, त्याच्याकडून कारण लिहून घ्या आणि त्याच दिवशी पंपाला कळवा. दोन दिवसांनी गेलात तर 'मध्ये दुसरीकडे भरलं असेल' हे उत्तर तयार असतं. तक्रार वहीत लिहिताना नोझल क्रमांक आणि वेळ घाला, आणि पान उलटण्याआधी त्याचा फोटो घ्या.